हिरव्या स्क्रीनपासून वेब पेजपर्यंत : एका विझार्डची गोष्ट



संगणकाचा इतिहास म्हटलं की आपण मोठमोठ्या यंत्रांबद्दल बोलतो. आज मी एका छोट्या खिडकीबद्दल बोलणार आहे. त्या खिडकीत खाली तीन बटणं असायची : बॅक, नेक्स्ट आणि फिनिश. माहिती भरत जायचं, नेक्स्ट दाबत जायचं, शेवटी फिनिश दाबलं की वेब पेज आणि मागचा जुना प्रोग्रॅम एकमेकांना जोडले जायचे. अशा खिडकीला विझार्ड म्हणतात, म्हणजे जादूगार. हा शब्द रूढ व्हायला १९९१ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट पब्लिशरचा मोठा हातभार लागला. त्यात पान सजवून देणारे 'पेज विझार्ड' होते.

मी ज्याबद्दल बोलतोय तो विझार्ड आयबीएमच्या एका डेव्हलपमेंट साधनात होता. त्या साधनाचं लांबलचक नाव होतं वेबस्फिअर डेव्हलपमेंट स्टुडिओ क्लायंट फॉर आयसिरीज. आम्ही सगळे त्याला 'डब्ल्यूडीएससी' म्हणायचो. २००३ च्या सुमारास मी बंगळुरूमध्ये त्याच्यावर काम करत होतो. पण त्या खिडकीत नेमकं काय घडत होतं, हे कळायला बरंच मागे जावं लागेल.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात मोठ्या कंपन्यांचे हिशेब पंच कार्डांवर चालायचे. आयबीएमचं १९२८ चं कार्ड ८० कॉलमचं होतं. कार्ड यंत्रात घातल्यावर कोणत्या कॉलममधला आकडा कुठे छापायचा, कोणता आकडा बेरजेत धरायचा, हे ठरवायचं कसं? त्यासाठी एक भोकाभोकांचा बोर्ड असायचा, प्लगबोर्ड. या भोकातून त्या भोकात हाताने तारा लावायच्या. पगारपत्रकाचा बोर्ड वेगळा, मालाच्या यादीचा वेगळा. त्या काळचा 'प्रोग्रॅम' म्हणजे या तारा.

१९५९ मध्ये आयबीएमने १४०१ हा संगणक जाहीर केला. या मॉडेलची पुढे दहा हजारांहून अधिक यंत्रं बनली. १९६० च्या दशकात ती भारतातही आली. प्रश्न असा होता, की आयुष्यभर तारा लावणाऱ्या माणसांनी या नव्या यंत्रावर काम कसं करायचं? त्याचं एक उत्तर होतं आरपीजी, म्हणजे रिपोर्ट प्रोग्रॅम जनरेटर. यात छापील फॉर्म भरायचा. कोणती फाइल, कार्डाच्या कोणत्या कॉलममध्ये कोणती माहिती, कोणतं गणित, आणि ते कागदावर कुठे छापायचं. फॉर्म भरला की त्यातून प्रोग्रॅम तयार व्हायचा. म्हणजे बघा, आरपीजी हीच एक प्रकारे विझार्डची आजी. तारेच्या जागी फॉर्मवरची नोंद आली, एवढाच फरक.

आरपीजी टिकली आणि वाढली. १९६९ मध्ये सिस्टिम/३ बरोबर आरपीजी टू आली, पुढे सिस्टिम/३८ वर आरपीजी थ्री. आणि २१ जून १९८८ रोजी आयबीएमने एएस/४०० जाहीर केला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रोचेस्टर नावाचं गाव आहे, तिथल्या प्रयोगशाळेचं हे काम. मधल्या आकाराच्या कंपन्यांसाठी हे यंत्र होतं. डेटाबेस वेगळा विकत घ्यायला नको, तो आतच. कारखाने, घाऊक व्यापारी, विमा कंपन्या, बँका यांनी ते उचलून धरलं.

या यंत्राची एक खासियत सांगतो. रोचेस्टरच्या इंजिनिअरांनी प्रोग्रॅम आणि हार्डवेअर यांच्यामध्ये एक थर ठेवला होता. त्यामागचे प्रमुख शिल्पकार फ्रँक सॉल्टिस. १९९५ मध्ये आतला प्रोसेसर पूर्ण बदलला, ४८ बिटांवरून ६४ बिटांवर गेला. तरीही जुने प्रोग्रॅम यंत्रानेच नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा भाषांतरित करून चालवले. त्यामुळे झालं काय, की कंपन्यांनी प्रोग्रॅम टाकून दिलेच नाहीत. वर्षानुवर्षं त्यात भर घालत गेल्या. धंद्याचे सगळे नियम, सवलती, अपवाद, रुसवेफुगवेसुद्धा त्या कोडमध्ये साठत गेले.

हे प्रोग्रॅम वापरणाऱ्या माणसासमोर ५२५० जातीचं टर्मिनल असायचं. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं, २४ ओळी, प्रत्येक ओळीत ८० अक्षरं. ८० हा आकडा कुठून आला, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

मग वेब आलं. १९९३ मध्ये सीजीआय नावाची पद्धत निघाली आणि वेब पेजवरचा फॉर्म मागच्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचवता यायला लागला. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. दहा वर्षांच्या आत प्रत्येक कंपनीला वाटायला लागलं, की आमच्या डीलरने घरबसल्या ऑर्डर टाकावी.

आता गंमत बघा. हिरवी स्क्रीन आणि वेबचा फॉर्म यांत एक मोठं साम्य आहे. ५२५० वर तुम्ही रकाने भरता तेव्हा मुख्य यंत्राला त्याचा पत्ता नसतो. एंटर दाबलं की सगळी माहिती एकदम जाते. वेबच्या फॉर्मचंही तेच, सबमिट दाबलं की सगळं एकदम जातं. पण एक मोठा फरकही आहे. आरपीजीमध्ये 'एक्सएफएमटी' नावाची एक आज्ञा आहे. ती स्क्रीन दाखवते आणि वापरणाऱ्याने उत्तर देईपर्यंत प्रोग्रॅम तिथेच थांबून राहतो. वेबचा सर्व्हर असा थांबत नाही. पान पाठवलं की त्याच्या दृष्टीने विषय संपला. पुढची विनंती आली की त्याच्यासाठी ती नवीच.

या अडचणीवर आयबीएमने या साधनात दोन वाटा दिल्या. पहिली वेबफेसिंग. त्यात हिरव्या स्क्रीनच्या वर्णनाचंच वेब पेजमध्ये रूपांतर व्हायचं आणि जुना प्रोग्रॅम जवळजवळ होता तसाच चालायचा. झटपट काम, पण चाल जुनीच राहायची. दुसरी वाट म्हणजे आपला विझार्ड, वेब इंटरॅक्शन विझार्ड.

त्यात आधी विचारायचं : माहिती भरण्याचं पान कोणतं, उत्तर दाखवण्याचं पान कोणतं. नसेल तर तो तयार करून द्यायचा. मग विचारायचं : कोणता प्रोग्रॅम, कोणत्या लायब्ररीत. मग त्या प्रोग्रॅमला काय द्यायचं आणि तो काय परत देतो याची यादी लागायची. ही यादी पीसीएमएल नावाच्या छोट्या फाइलमध्ये असायची. ती हवीच, कारण एएस/४०० वर रकमेचा आकडा बहुधा 'पॅक्ड' रूपात ठेवतात. एका बाइटमध्ये दोन अंक, आणि दशांश चिन्ह साठवलेलंच नसतं. शेवटचे दोन अंक पैशांचे आहेत हे कोणीतरी सांगितल्याशिवाय जावाला ते कळणार कसं? यादी मिळाली की पानावरचा हा रकाना प्रोग्रॅमच्या त्या पॅरामीटरला, तिकडून येणारं उत्तर या पानावरच्या रकान्याला, अशा जोड्या लावायच्या. फिनिश. मधलं सगळं जावा कोड तो स्वतः लिहायचा.

पण एक अट होती. मागचा प्रोग्रॅम स्क्रीनसाठी थांबणारा चालत नसे. माहिती घ्या, काम करा, उत्तर द्या आणि परत या, असाच हवा. आणि जुने प्रोग्रॅम तर स्क्रीन आणि हिशेब यांची खिचडी. म्हणजे विझार्ड उघडायच्या आधी ती खिचडी निवडायची, स्क्रीनचा भाग बाजूला आणि धंद्याचा भाग बाजूला. हे काम विझार्ड करत नव्हता. ते आम्हाला करायचं होतं.

आता माझीच फजिती सांगतो. आमचा ग्राहक परदेशातला एक घाऊक वितरक होता. त्यांचा ऑर्डर घेण्याचा प्रोग्रॅम दहा-बारा वर्षांचा. आमच्या टीममध्ये बहुतेक जण जावा शिकून आलेले, पंचविशीतले. आरपीजी नीट येणारे एकच, पन्नाशी ओलांडलेले, मुंबईच्या एका कारखान्याच्या ईडीपी विभागात पंच कार्डांवर कामाला सुरुवात केलेले. आम्ही मराठी मुलं त्यांना काका म्हणायचो. प्रकल्पाच्या आराखड्यात लिहिलं होतं, की पहिला टप्पा झाला की आरपीजीच्या माणसाची गरज नाही, पुढचं काम विझार्ड करेल. काकांनाही ते माहीत होतं.

खिचडी निवडण्याचं काम मी केलं. दर काढणं, स्टॉक बघणं, ऑर्डर नोंदवणं, हे तिन्ही भाग उचलून नव्या प्रोग्रॅममध्ये घातले. विझार्डने जोडून दिलं. चाचणीत सगळं हिरवंगार. पान सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात तिकडून निरोप आला : ज्या डीलरांची उधारी मर्यादेबाहेर गेली आहे, त्यांच्या ऑर्डरी गोदामात पोहोचल्या आहेत.

मी दोन दिवस जावा कोडमध्ये शोधत बसलो. मग काकांनी जुन्या प्रोग्रॅमची छापील लिस्टिंग मागवली आणि पेन्सिल घेऊन बसले. दुपारच्या चहापर्यंत त्यांना सापडलं. हिरव्या स्क्रीनवर ऑर्डर भरून झाली की क्लार्क एफ-१० दाबून ती पक्की करायचा. एफ-१० दाबलं की १० नंबरचा इंडिकेटर चालू व्हायचा, आणि उधारीची तपासणी फक्त त्या इंडिकेटरखाली लिहिलेली होती. मला वाटलं, एफ-१० म्हणजे स्क्रीनचा भाग. वेब पेजवर एफ-१० कुठे असतं? म्हणून तो तुकडा मी तिथेच सोडून दिला होता. चाचणीसाठी घेतलेल्या डीलरांपैकी एकाचीही उधारी थकलेली नव्हती, त्यामुळे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मी म्हणालो, "काका, विझार्डने दगा दिला." ते हसले. म्हणाले, "अरे, त्याने काय दगा दिला? तू दाखवल्यास तेवढ्या तारा त्याने बरोबर जोडल्या. ही तार तू त्याला दाखवलीच नाहीस."

उपाय काकांनीच सुचवला. उधारीची तपासणी दोन्हीकडे लिहायची नाही. ती एका वेगळ्या सर्व्हिस प्रोग्रॅममध्ये ठेवायची. हिरव्या स्क्रीनने तिला बोलवावं, वेब पेजच्या मागच्या प्रोग्रॅमनेही तिलाच बोलवावं. नियम एका जागी, वाटा कितीही. त्यानंतर उरलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची लिस्टिंग काकांनी आधी वाचायची, मग आम्ही विझार्ड उघडायचा, अशी रीत पडली. आराखड्यातली ती ओळ कोणीतरी मुकाट्याने काढून टाकली. काका प्रकल्प संपेपर्यंत आमच्याबरोबर होते.

या साधनाचं पुढे काय झालं? २००८ मध्ये त्याची जागा रॅशनल डेव्हलपरने घेतली. एएस/४०० ची नावंही बदलत गेली : २००० मध्ये आयसिरीज, २००६ मध्ये सिस्टिम आय, २००८ पासून आयबीएम आय. त्यावर जुन्या आरपीजी प्रोग्रॅमला वेब सर्व्हिस बनवून देणारा वेगळा विझार्ड आला. त्याच्याही पोटात तीच पीसीएमएलची यादी आहे. आज मोबाइल ॲप मागच्या यंत्राशी बोलतं तेव्हाही कोणीतरी कुठेतरी अशीच जोड्यांची यादी केलेली असते. हा रकाना इकडे, तो तिकडे. प्लगबोर्डच्या तारा अजून संपलेल्या नाहीत.

तारा लावण्याचं काम दर पिढीत सोपं होत गेलं, आणि ते व्हायलाच हवं. पण कोणती तार कुठून निघते आणि का, हे फॉर्ममध्ये लिहिलेलं नव्हतं, विझार्डच्या खिडकीतही नव्हतं. ते जुन्या कोडमध्ये होतं, आणि तो कोड वाचू शकणाऱ्या माणसांकडे होतं. आपल्या देशात अशी माणसं खूप आहेत. बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, पुणे, मुंबई, सगळीकडे. त्यातली बरीच आता निवृत्त झाली आहेत. त्यांनी काय बनवलं याची नोंद फारशी कुठे नाही.

म्हणून एक विनंती करतो. तुमच्या घरात, इमारतीत, ओळखीत कोणी ईडीपी विभागात काम केलेलं असेल, तर त्यांच्याजवळ बसा. त्यांना विचारा, तुमच्या प्रोग्रॅममध्ये असा कोणता नियम होता जो फक्त तुम्हालाच माहीत होता? ते सांगतील ते लिहून ठेवा. आपला हा इतिहास अजून कागदावर यायचा आहे.

पुढच्या भागात भेटू.