शुक्रवारची रात्र, गुरूचा चंद्र

तारीख ९ सप्टेंबर १८९२, वार शुक्रवार. कॅलिफोर्नियात माउंट हॅमिल्टनच्या माथ्यावर, लिक वेधशाळेच्या घुमटात तुम्ही उभे आहात. डोळे अंधाराला सरावले की आधी नळी दिसते: पन्नास फुटांहून लांब, टोकाला ३६ इंची भिंग. भिंगाची एवढी मोठी दुर्बीण आज जगात दुसरी नाही. पायाखालची फरशी हलली तर दचकू नका. नेत्रिका जिथे जाईल तिथवर निरीक्षकाला पोचवायला ती पाण्याच्या दाबावर वर-खाली होते. दुर्बिणीच्या पायात जेम्स लिक यांना पुरलं आहे. वेधशाळेला पैसा त्यांचा, पण ती पाहायला ते उरले नाहीत.

नेत्रिकेशी वाकलेले गृहस्थ म्हणजे एडवर्ड एमर्सन बर्नार्ड, वय ३४. नॅशव्हिलच्या गरिबीत वाढलेले, नवव्या वर्षाच्या आसपासच फोटोस्टुडिओत कामाला लागलेले. पुढे धूमकेतू शोधून मिळालेल्या बक्षिसांवर त्यांनी घर बांधलं. मोठी दुर्बीण त्यांच्या वाट्याला येते ती शुक्रवारी.

आता तुम्ही डोळा लावा. गुरू समोर येताच डोळा दिपतो. गॅलिलिओला १६१० साली चार चंद्र दिसले. त्यानंतर २८२ वर्षं पाचवा कुणालाच सापडलेला नाही, त्याचं कारण हा झगमगाट. बर्नार्ड नळी किंचित सरकवतात आणि गुरूला दृश्याच्या कडेबाहेर घालवतात. उरतो गुरूलगतचा धूसर उजेड, तिसरा चंद्र गॅनिमीड आणि त्याच्याजवळ एक ठिपका. नजर रोखली की हरवतो, जरा बाजूला पाहिलं की पुन्हा असतो.

बर्नार्ड ओरडत नाहीत. मायक्रोमीटरची बारीक तार ठिपक्यावर आणून गॅनिमीडपासूनचं अंतर मोजू लागतात. मागचा एखादा तारा असेल, तर गुरू पुढे जाईल आणि तो मागे राहील. पण ठिपका गुरूचीच सोबत करतो आणि शेवटी त्याच्या उजेडात बुडतो. खात्री करायला दुसरी रात्र हवी, आणि शनिवार सहकारी शेबर्ले यांचा. ते आपली पाळी सोडतात. ठिपका पुन्हा सापडतो. मग टेलिग्राम सुटतात: गुरूला पाचवा चंद्र आहे.

पुढचा मुक्काम त्या चंद्रावरच करू. त्याला पुढे अमाल्थिया म्हणतील. वेडावाकडा, तांबूस, लांबी जेमतेम अडीचशे किलोमीटर. मान वर करा: क्षितिजापासून डोक्यापर्यंतचं अर्धं आकाश गुरूनेच अडवलं आहे. अमाल्थिया एकच बाजू त्याच्याकडे ठेवून फिरतो, म्हणून गुरू उगवत नाही, मावळत नाही. बारा तासांत, खरं तर तीन मिनिटं आधीच, तुमची प्रदक्षिणा पुरी होते.

इथेच थांबून काळ पुढे ढकला. नोव्हेंबर २००२. गॅलिलिओ यान जवळून जातं, आणि त्याच्या मार्गावर पडलेल्या ओढीवरून चंद्राचं वजन निघतं. घनता पाण्याहूनही कमी! म्हणजे तुमच्या पायाखाली सलग खडक नाही. आत बरीच पोकळी आहे.

परतताना ऑक्टोबर १८९२ला उतरा. त्याच डोंगरावर बर्नार्ड आकाशाचा फोटो तपासताहेत. काचेवर एक पुसट रेघ आहे, धूमकेतूची; फोटोवरून शोध लागलेला हा पहिला धूमकेतू मानला जातो. १९०४ साली पेराइन यांना गुरूचा सहावा चंद्र इथेच मिळेल, तोही फोटोतच. नेत्रिकेला डोळा लावून ग्रहाचा नवा चंद्र पकडणारा माणूस बर्नार्ड यांच्यानंतर झाला नाही, आणि त्या पद्धतीची सद्दी संपवायला ज्यांनी हातभार लावला, त्यांत स्टुडिओत वाढलेले बर्नार्डही होते.