दोष बॅटरीचा नव्हता

१९९१ सालच्या थंडीतली ती पहाट मला अजून आठवते. अम्मीला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला न्यायचे होते आणि अंगणातली आमची जुनी प्रीमियर पद्मिनी स्टार्टर मारला की नुसती ‘टक्’ करून गप्प बसत होती. दोनच महिन्यांपूर्वी अब्बांनी मास्तरकीच्या पगारातून नवी बॅटरी घेतली होती. शेवटी अम्मी एस.टी.ने गेली. त्या संध्याकाळी अब्बांनी माझ्या बी.ए.च्या फीसाठी ठेवलेले पैसे कपाटातून काढले. आणखी एक बॅटरी आणायची होती.

मोटारीतल्या त्या जड डब्याचा इतिहास मोठा आहे. १८५९ साली गास्तोन प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी बनवली. १८८१ मध्ये कामीय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन तिची ताकद वाढवली. तरी पुढे कित्येक वर्षे मोटारी हँडल मारूनच सुरू होत. हँडल उलटे फिरले तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि माणसाच्या दंडाचे काम बॅटरीकडे गेले. सोय झाली, पण निदान अवघड झाले. हँडलला इंजिनाची कुरकुर हाताला कळे. वीज मात्र डोळ्यांना दिसत नाही.

आमची गाडी कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात फियाटची ही गाडी तयार होई. १९७४ पासून तिला पद्मिनी म्हणू लागले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा तो ओळखीचा चेहरा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेला.

अब्बा पैसे घेऊन निघणार, तेवढ्यात आमच्या गल्लीतले मिस्त्रीचाचा आले. “मास्तर, आधी गाडीला विचारू, मग बॅटरी बदलू,” म्हणाले. त्यांनी हेडलाइट लावले आणि मला स्टार्टर मारायला सांगितले. दिवे मंदावले असते, तर बॅटरीवर संशय घेता आला असता. पण ते तसेच लख्ख राहिले. मग दोन तारा जोडलेला एक छोटा बल्ब त्यांनी खिशातून काढला. एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. या दोन जागा अर्थच्या पट्टीने जोडलेल्या असतात, म्हणून तिथे बल्ब लागायला नको. मी स्टार्टर मारला आणि बल्ब लागला.

दोष तिथेच होता. इंजिन रबरावर बसवलेले असते, म्हणून त्याला वीज परत नेणारी विणलेल्या तांब्याची पट्टी लागते. आमची पट्टी गंजली होती. स्टार्टरला शंभराहून अधिक अँपिअर लागतात. ते त्या गंजातून जाणार कसे? नवी बॅटरी बसवताना तारा हलायच्या, तेवढ्यापुरता संपर्क जुळायचा आणि बॅटरीमुळे गाडी बरी झाली असे वाटायचे.

जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी एवढे जरूर पाहावे. गाडी रात्रभर बंद असताना बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवत असेल, तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. इंजिन चालू असताना आकडा १४ च्या आसपास चढला नाही, तर चार्जिंगमध्ये बिघाड समजावा. आकडे ठीक असूनही स्टार्टर फिरत नसेल, तर टर्मिनल आणि अर्थ तपासावेत.

चाचांनी पॉलिश पेपरने जोड घासला, नट आवळला, वर थोडे व्हॅसलीन लावले. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. अब्बांनी पैसे परत कपाटात ठेवले आणि हळूच विचारले, “मग आम्ही मोडीत घातली ती बॅटरीही चांगलीच होती का?”

चाचा काही बोलले नाहीत. बल्बाच्या तारा गुंडाळत राहिले. दुसऱ्या दिवशी अम्मीला आणायला आम्ही मिरजेला गाडीनेच गेलो.