सापळा, पण उजेडाचा

मेलेल्या वाघावर पाय ठेवून, बंदूक टेकवून उभे राहिलेले साहेब आणि संस्थानिक: विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या हिंदुस्थानातला वाघाचा फोटो म्हटला की हेच चित्र डोळ्यांपुढे येते. आपल्या वाटेने, आपल्या चालीने निघालेला जिवंत वाघ फोटोत पाहायला १९२५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने पहिल्याच पानावर असे फोटो छापले, आणि नैसर्गिक वस्तीतल्या वाघांचे हे पहिलेच फोटो, असे ठासून सांगितले. ते काढले होते फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने.

चॅम्पियनला मी हौशी म्हणतो, आणि त्याला कारण आहे. सरकार त्याला पगार द्यायचे ते संयुक्त प्रांतातली जंगले सांभाळायला, वाघाचे फोटो काढायला नव्हे. पहिल्या महायुद्धात बंदूक चालवून आलेल्या या माणसाला शिकारीचा तिटकारा होता. शिवालिकच्या पायथ्याच्या रानात फिरती करताना त्याने हत्तीच्या पाठीवरून दिवसा फोटो काढून पाहिले. पण वाघ रात्रीचा चालणारा. मग त्याने सापळा लावायचे ठरवले.

सापळा साधा होता. वाघाच्या नेहमीच्या वाटेवर, पगमार्क पाहून, कडेला कॅमेरा रोवायचा. वाटेवर आडवी बारीक तार ताणायची. पाय तारेला लागला की मॅग्नेशियमची पूड भप्पकन पेटायची आणि त्याच क्षणी शटर उघडायचे. अमेरिकेत जॉर्ज शायरस यांनी हे तंत्र आधी हरणांवर वापरले होते. वाघावर ते साधणे निराळे. एकदा उजेड पडला की त्या रात्रीचा खेळ संपला. तार कोणी तोडली, वाघाने, अस्वलाने की चरायला आलेल्या सांबराने, हे काच धुतल्यावरच कळायचे. होय, काच. तेव्हा फिल्मऐवजी काचेच्या प्लेटा असत.

आमच्या पिढीने निदान रोळ तरी वापरला. छत्तीस फोटोंचा एक रोळ, आणि महिनाअखेरीला तो धुवायला टाकायचे पैसे बाजूला काढायचे. मी आणि माझे दोन-तीन मित्र रविवारी पहाटे एस.टी.ने तळ्यावर जायचो, खंड्यासाठी तासन् तास बसायचो, आणि परतताना रोळात अकरा-बारा फोटो जेमतेम निघालेले असायचे. बटण दाबण्याआधी माणूस विचार करायचा. हल्ली सेकंदाला वीस फोटो निघतात. त्याची मला मुळीच असूया नाही. पण बघण्याचा वेळ कमी झाला, हे खरे.

चॅम्पियनचे 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक १९२७ साली आले. त्याचा परिणाम एका मोठ्या शिकाऱ्यावर झाला. जिम कॉर्बेट यांनी पुढे सिने-कॅमेरा हाती घेतला, आणि 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ'मध्ये बंदूक आणि कॅमेरा यांची तुलना करताना कौल कॅमेऱ्याला दिला.

दक्षिणेत मद्रासचे एम. कृष्णन होते (१९१२ ते १९९६). जुने सुटे भाग जोडून त्यांनी स्वतःचा कॅमेरा बनवला आणि त्या धुडाचे नाव ठेवले 'सुपर पॉन्डेरोसा'. आयुष्यभर कृष्णधवल फोटो काढले आणि 'द स्टेट्समन'मध्ये १९५० पासून मरेपर्यंत सदर लिहिले. एवढा हट्टी माणूस नोकरीत रमणे कठीणच!

पण चॅम्पियनच्या एका निरीक्षणाची किंमत कळायला बराच काळ जावा लागला. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात, फोटोवरून वाघ ओळखता येतो, हे त्याने टिपले होते. १९९०च्या दशकात उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत स्वयंचलित कॅमेरे लावून हेच सूत्र शास्त्रीय मोजणीसाठी वापरले. २०१८च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. जवळजवळ साडेतीन कोटी फोटो निघाले. त्यांत वाघाचे फोटो ७६,६५१, आणि पट्टे जुळवून वेगवेगळे ओळखलेले वाघ २,४६१. एका वनाधिकाऱ्याच्या फावल्या वेळातल्या खटपटीचा हा वंशविस्तार.

याच छंदाची दुसरी शाखा मात्र भलतीकडे गेली. पूर्वी पक्ष्याच्या घरट्याचा फोटो हे हौशी माणसाचे भूषण असे. मीही असे फोटो कौतुकाने भिंतीवर लावलेली घरे पाहिली आहेत. फांद्या बाजूला केल्या की पिल्ले उन्हाला आणि कावळ्यांना उघडी पडतात, हे ध्यानात आल्यावर अनेक स्पर्धांनी घरट्यांचे फोटो घेणे बंद केले. ते चांगलेच झाले.

वाघाच्या बाबतीत अजून तसे झालेले नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी आपल्याच विदर्भात, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, एफ-२ ही वाघीण आणि तिची पाच पिल्ले पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. त्या गाड्यांत कॅमेरे होतेच. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. चॅम्पियनच्या सापळ्यात वाघाची वाट अडत नसे. तार तुटायची, क्षणभर लख्ख उजेड पडायचा आणि वाघ पुढे निघून जायचा. फोटो काढणारा तेव्हा तिथे नसायचाच.