धर्मशाळेतून बिऱ्हाडाकडे : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एकट्या भाडेकरूचा विचार

आपल्याकडील नगरेतिहासात घराचा विचार बहुधा मालकीच्या अंगाने होत आला आहे. गढी कोणी बांधली, वाडा कोणाच्या वतनात होता, पेठ कोणी वसविली, या प्रश्नांची उत्तरे देणारी साधने विपुल आहेत आणि अभ्यासकांनी त्यांचा उपयोगही चांगला केला आहे. भाडेकरूच्या वाट्याला असे भाग्य आलेले नाही. इतिहासात तो खानेसुमारीतील एक आकडा म्हणून येतो, अथवा दिवाणी खटल्यातील प्रतिवादी म्हणून. त्यातही जो एकटा आहे, ज्याच्यामागे कुटुंब नाही, जो नोकरीच्या वा पोटापाण्याच्या निमित्ताने परगावी येऊन प्रथम धर्मशाळेत, सराईत किंवा एखाद्या ओळखीच्याच्या ओसरीवर उतरला आहे आणि आता स्वतःचे असे भाड्याचे घर पाहू लागला आहे, त्याचा विचार जवळजवळ झालेलाच नाही. प्रस्तुत लेखात या संक्रमणाचा विचार करावयाचा आहे. तात्पुरत्या निवाऱ्यातून भाड्याच्या घरात जाणे हा केवळ पैशाचा व्यवहार होता असे सामान्यतः समजले जाते. साधने मात्र निराळे सांगतात. या उंबरठ्यावर अडले ते भाड्यापेक्षा हमीवाचून अडले, आणि ही हमी कोणी द्यावयाची यातच या विषयाचा इतिहास सामावलेला आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत 'बिऱ्हाड' हा शब्द दोन अर्थ एकत्र वागवितो. प्रवासी जेथे तात्पुरता उतरतो ते त्याचे बिऱ्हाड, आणि भाड्याच्या जागेत नांदणारे कुटुंब हेही बिऱ्हाडच. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, या म्हणीत पहिला अर्थ प्रधान आहे; 'त्या वाड्यात चार बिऱ्हाडे आहेत' असे म्हणताना दुसरा. पहिल्या अर्थी एकट्या माणसाचे बिऱ्हाड असू शकते. दुसऱ्या अर्थी मात्र चूल, बायकामुले आणि देवघर यांची अपेक्षा गृहीत धरलेली असते. एकट्यासाठी भाषेने 'सडा' हा शब्द ठेवला आणि त्यालाच जोडून 'सडाफटिंग' हा दूषणवजा शब्दही घडविला. घरमालकाच्या मनातील शंका भाषेने अशी आधीच नोंदवून ठेवली आहे.

आता बुलढाण्याकडे वळू. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड प्रांत निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभारात आला. त्यानंतरच्या दीड दशकात जिल्ह्यांची फेररचना वारंवार झाली. घाटावरील थंड हवेचे हे छोटे गाव जिल्ह्याचे ठाणे झाले ते व्यापाराच्या वा तीर्थक्षेत्राच्या बळावर नव्हे, तर कचेरीच्या बळावर. १९०१ च्या खानेसुमारीत बुलढाण्याची वस्ती अवघी ४,१३७ भरली. त्याच वेळी खामगावची वस्ती १८,३४१ होती. खामगाव हे कापसाच्या बाजाराचे गाव. १८७० मध्ये जलंब स्टेशनापासून तेथवर सुमारे आठ मैलांचा रेल्वेचा फाटाही कापसासाठीच काढण्यात आला. १९०५ मध्ये खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्यातून काढून बुलढाण्यास जोडले गेले, तेव्हा जिल्ह्याचे सर्वांत मोठे व्यापारी शहर एका लहानशा कचेरीच्या गावाच्या आधिपत्याखाली आले. बुलढाण्यास रेल्वे तेव्हा नव्हती आणि आजही नाही. मलकापूर स्टेशनावर उतरून घाट चढूनच तेथे जावे लागे.

या दोन गावांत येणारा एकटा परका माणूस एका जातीचा नव्हता. येथे जात हा शब्द लक्षणेने घ्यावा, मूळ अर्थाने तो पुढे येणारच आहे. खामगावास येणारा गाडीवान, दलाल किंवा जिनातील मजूर हंगामापुरता येई. सरकीच्या ढिगाजवळ, अडत्याच्या ओट्यावर वा धर्मशाळेत त्याचे भागून जाई. बुलढाण्यास येणारा कारकून, मास्तर किंवा बेलीफ बदलीच्या हुकुमावर येई आणि दोनतीन वर्षे राही. धर्मशाळेत मुक्कामाला मुदत असे, ती बहुधा तीन दिवसांची. तेवढ्या अवधीत त्याला वळकटी आणि ट्रंक ठेवण्यास खोली, पाण्यास विहीर आणि जेवणास खानावळ शोधावी लागे. पैकी खोली मिळवावयाची तर कचेरीतील कोणी जुना माणूस बरोबर जाऊन घरमालकास सांगे की हा अमक्या गावचा, अमक्या घरचा, मंडळी मागाहून येणार आहेत. यातील शेवटचे वाक्य विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. एकट्याला घर मिळे ते पुढे तो एकटा राहणार नाही या आश्वासनावर.

जिच्याबाबत असे आश्वासनही देता येत नव्हते, त्या स्त्रीचे काय? याच बुलढाण्यात ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली आणि १८८२ मध्ये ती पुण्यास छापून निघाली. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे हे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. म्हणजे वर वर्णन केलेल्या कचेरीच्या जगातच हा ग्रंथ जन्मला. १८८१ मध्ये सुरतेस विजयालक्ष्मी या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला होऊन तिला प्रथम फाशीची शिक्षा झाली व पुढे ती बदलून काळ्या पाण्याची करण्यात आली. या प्रकरणावर वर्तमानपत्रांत जे लिहिले गेले त्याच्या संतापातून हे पुस्तक निर्माण झाले. पुढे ते विस्मृतीत गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा उजेडात आणले. ताराबाईंच्या ग्रंथाचा विषय घरभाडे हा नव्हे, आणि तो त्यांच्यावर लादण्याचे कारण नाही. परंतु तो वाचताना एक गोष्ट जाणवते. त्या काळच्या स्त्रीला माहेर आणि सासर अशी दोनच घरे होती. दोन्ही दुसऱ्याच्या नावावर, आणि त्यांबाहेर तिसरे घर कल्पनेतही नव्हते. स्वतः ताराबाई विवाहानंतरही वडिलांच्या घरीच राहिल्या आणि त्यांचे पती घरजावई होते. एवढी तेजस्वी लेखणी ज्या छपराखाली चालली ते छप्पर पित्याचे होते, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने दृष्टीआड करू नये.

कायदाही याच दोन घरांना ओळखत असे. १८८४ मध्ये मुंबईस रखमाबाईंवर त्यांच्या पतीने नांदावयास येण्यासाठी दावा केला; १८८७ मध्ये न्यायालयाने पतीगृही जा अथवा तुरुंगात जा असा निर्णय दिला. पतीगृह नाही तर तुरुंग, या पर्यायांत स्वतंत्र बिऱ्हाड बसत नव्हते. रखमाबाईंनी पुढे विलायतेत वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि सुरत व राजकोट येथे नोकरी केली. एकट्या स्त्रीला निवास मिळाला तो बहुधा असा नोकरीच्या मार्गाने, इस्पितळाच्या वा शाळेच्या आवारात. पेठेतल्या घरमालकाकडून नव्हे.

हमीचा हा प्रश्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाबाबत कोणत्या थराला जात असे, याचे सर्वांत तपशीलवार साधन मात्र वऱ्हाडाबाहेरचे, बडोद्याचे आहे. एका मराठी माणसाने ते स्वतःच्या अनुभवावरून लिहून ठेवले आहे. बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत शिकलेले भीमराव आंबेडकर करारानुसार नोकरीवर रुजू होण्यासाठी सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यास गेले. या प्रसंगाचे त्यांनी केलेले इंग्रजी निवेदन १९३५ च्या सुमाराचे असून ते १९९० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. घटनेनंतर सुमारे अठरा वर्षांनी लिहिलेल्या आठवणींतील बारीक आकडे जपून वापरावेत, हा नियम येथेही लागू आहे. पण घटनाक्रमाविषयी शंका घेण्यास जागा नाही.

आंबेडकरांपुढील पहिला प्रश्न नोकरीचा नव्हता, उतरण्याचा होता. हिंदू खानावळीत नाव लपविल्याखेरीज प्रवेश नव्हता. म्हणून ते एका पारशी पथिकाश्रमात गेले. तेथेही नियम असा की पारशाखेरीज कोणास उतरू द्यावयाचे नाही. अखेर वहीत पारशी नाव लिहावयाचे, या अटीवर रखवालदाराने रोज दीड रुपया ठरवून त्यांना ठेवून घेतले. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली होती. बाकी सर्व मोठे दालन मोडक्यातोडक्या सामानाने भरलेले. विजेचा दिवा नाही, रात्री एक कंदील, आणि दालनात वटवाघळांचा संचार. मुंबईत राहिलेले सामान घेऊन त्यांचा भाचा आला, तो मामाची ही अवस्था पाहून इतका रडू लागला की त्याला लगेच परत पाठवावे लागले. कोलंबिया विद्यापीठाचा हा विद्वान दिवसा अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम करी आणि रात्री त्या अंधारात पुस्तक वाची.

या अवधीत ते स्वस्थ बसले नव्हते. संस्थानाकडे सरकारी बंगले होते आणि त्यांपैकी एक मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव जिना चढून वर आला आणि पथिकाश्रम बाटविल्याबद्दल जाब विचारू लागला. आंबेडकरांनी बंगला मिळेपर्यंत आठ दिवसांची मुदत मागितली. ती मिळाली नाही. संध्याकाळच्या आत जागा सोडण्याचा हुकूम झाला. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. हिंदू मित्राने सांगितले की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने पत्नी परगावाहून येईपर्यंत थांबण्यास सुचविले; कुटुंब मूळचे ब्राह्मण, धर्मांतरानंतरही पत्नी सोवळ्याची, हे आंबेडकरांना ठाऊक होते. ते कामाठीबागेत काही तास बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

चरित्रकारांनी या प्रसंगाचे महत्त्व अपमानाच्या अंगाने सांगितले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु घराच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातील रचना तितकीच उद्बोधक आहे. बुलढाण्याच्या कारकुनापाशी असणारी प्रत्येक गोष्ट आंबेडकरांपाशी होती: नोकरी, पगार, सरकारी हुकूम, स्नेही. कमी होती ती एकच, घरमालकास पटेल असा हमी देणारा माणूस. पथिकाश्रमाच्या वहीतील खोटे नाव हीच तेथील हमी, आणि ती उघडी पडताच अकरा दिवसांचा निवारा संपला. सरकार स्वतः ही हमी देऊ शकले असते. बंगल्याचा अर्ज म्हणजे नेमकी तीच मागणी होती. उत्तर वेळेवर न येणे हेही एक उत्तरच म्हणावयाचे. याच निवेदनात पुढे खेडा जिल्ह्यातील बोरसदच्या कचेरीत नेमल्या गेलेल्या एका भंगी तरुणाची हकीकत दिली आहे. त्याला गावात कोणी घर दिले नाही, म्हणून तो कित्येक मैल पायी ये-जा करीत राहिला. विद्वत्तेचा वा दर्जाचा यात संबंध नाही, हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवल्यावर दिसून येते. उलट मुंबईस आंबेडकर परळला सुधार ट्रस्टच्या चाळीत १९३४ पर्यंत राहिले. तेथे घरमालक ही एक संस्था होती, शेजारधर्म पाहून खोली देणारा गृहस्थ नव्हता.

स्वातंत्र्यानंतर बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाला एक अनपेक्षित कायदेशीर वळण मिळाले. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारच्या १९४६ च्या अधिनियमाखाली १९४९ मध्ये घरे भाड्याने देण्याविषयीचा व भाडेनियंत्रणाचा एक हुकूम निघाला. त्यातील भाडे ठरविण्याच्या आणि नोटिशीपूर्वी नियंत्रकाची परवानगी घेण्याच्या कलमांवर वकिलांनी भरपूर लिहिले आहे. इतिहासाच्या दृष्टीने मला त्यांहून महत्त्वाची वाटतात ती घरवाटपाची कलमे. जेथे हा हुकूम लागू असे तेथे घर रिकामे होत असल्याची वर्दी मालकाने जिल्हाधिकाऱ्यास द्यावयाची, आणि त्याने ते सरकारी नोकरास, विस्थापितास अथवा घरातून काढल्या गेलेल्या इसमास देण्याचा आदेश काढावयाचा, अशी ती योजना होती. १९१७ मध्ये बडोद्यास जे अर्जावर मिळाले नाही, ते येथे निदान कागदावर अधिकाऱ्याच्या सहीने मिळू शकत होते. 'मंडळी मागाहून येणार आहेत' हे वाक्य या आदेशाच्या नमुन्यात नव्हते.

अर्थात कागद आणि पेठ यांत अंतर असते. वाटपाच्या आदेशाने घर मिळे, शेजार मिळेलच असे नाही. आणि आडाचे पाणी कोणी भरावयाचे हे ठरविणारे कलम कोणत्याही हुकुमात घालता येत नाही. शिवाय या व्यवस्थेचा लाभ मुख्यतः नोकरीतील माणसाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, तरी विदर्भापुरता हा १९४९ चा हुकूम कायम राहिला. एकट्या नोकरदार स्त्रियांच्या निवासाकरिता केंद्र सरकारने वसतिगृहांची निराळी योजना काढली ती १९७२-७३ मध्ये. ताराबाईंच्या ग्रंथापासून तोवर नव्वद वर्षे लोटली होती, आणि तरीही वसतिगृह हा तात्पुरत्या निवाऱ्याचाच एक सुधारलेला प्रकार होता.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि विदर्भातील जुना हुकूम त्याने संपविला. नव्या अधिनियमाच्या ५५ व्या कलमाने भाड्याचा करार लेखी असावा व तो नोंदविला जावा, आणि ती जबाबदारी मालकाची, असे ठरविले. वर्षाहून कमी मुदतीच्या करारास नोंदणी लागत नाही, या जुन्या समजुतीने अकरा महिन्यांचे करार लिहिण्याची प्रथा पडली होती. कारण गेले तरी ती महाराष्ट्रात चालूच आहे. आज एकटा मनुष्य घर घेताना जो कागद करतो त्यावर भाडे असते, अनामत असते, मुदत असते. जातीचा किंवा कुटुंबाचा रकाना त्यात नाही. तो प्रश्न घर दाखविण्याच्या वेळी तोंडी विचारला जातो, आणि त्याची नोंद कोठेच राहत नाही. त्या कागदाच्या शेवटी सह्यांसाठी जागा सोडलेली असते ती मात्र दोघांची नसून चौघांची: मालक, भाडेकरू, आणि ओळख पटविणारे दोन साक्षीदार.