नोंदणी, मान्यता आणि वाणी : निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रिया

कामगारांच्या इतिहासात वेतनाचा प्रश्न जितका जुना, तितकाच प्रतिनिधित्वाचा प्रश्नही जुना आहे. कामगारांच्या वतीने कोणी बोलावे, आणि ते बोलणे ऐकून घेण्यास मालक बांधील आहे काय, हा तो प्रश्न होय. निपाणीच्या तंबाखू वखारींतील स्त्रियांनी उभारलेल्या संघटनेच्या आधारे त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पुणे-बंगलोर हमरस्त्यावरील निपाणी ही विडीच्या तंबाखूची जुनी पेठ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या राज्यपुनर्रचनेत, चंदगड तालुका वगळता, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि त्याबरोबर चिकोडी तालुक्यातील निपाणीही गेली. राज्याचा कारभार कन्नडमध्ये आणि वखारीतली बोली मराठी, अशी स्थिती झाली. वखारीत तंबाखूचा पाला कुटणे, चाळणे व निवडणे ही कामे बहुतांशी स्त्रियांच्या वाट्याची. चाळणीतून उडणारी भुकटी नाकाघशात जाई. हे काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या त्या काळी सुमारे ४,००० होती. एवढ्या मोठ्या समूहाला संघटना नव्हती, तोवर प्रत्येक स्त्री मालकासमोर एकटी उभी होती. एकटीने तक्रार करणे म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या कामावर पाणी सोडणे.

१९८० च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली या स्त्रिया चिकोडी तालुका कामगार महासंघात एकत्र आल्या. असंघटित मानल्या जाणाऱ्या क्षेत्रातील ही त्या काळातील एक मोठी चळवळ ठरली. तिचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी तत्कालीन कायद्याकडे पाहिले पाहिजे. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यान्वये सात व्यक्ती एकत्र येऊन संघटनेची नोंदणी मागू शकत. परंतु नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. नोंदलेल्या संघटनेशी मालकाने वाटाघाटी केल्याच पाहिजेत, असे बंधन त्या कायद्यात नव्हते. १९४७ मध्ये सक्तीच्या मान्यतेची दुरुस्ती संमत झाली, पण ती कधीच अमलात आणली गेली नाही. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने संघटना स्थापण्याचा हक्क दिला. तथापि त्या हक्कात परिणामकारक सामूहिक वाटाघाटींची हमी अनुस्यूत नाही, असा निर्णय १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात दिला.

येथे सीमाभागाचे वैशिष्ट्य नजरेत भरते. निपाणीला लागूनच महाराष्ट्राचा कागल तालुका आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानुसार, पन्नास वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत किमान ३० टक्के सभासद असलेल्या संघटनेला औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मागता येत असे. वेशीच्या अलीकडे मात्र असा कायदा नव्हता. तेथे आधार होता तो १९५८ च्या शिस्तसंहितेचा, आणि ती ऐच्छिक होती. भाषा एक, कष्ट एक, तंबाखूही तीच. परंतु हक्काची भाषा काही मैलांवर बदलत होती. ज्यांना कायद्याने मान्यता मिळत नव्हती, त्यांना ती एकजुटीच्या बळावरच मिळवावी लागे.

याच काळात तंबाखू पिकवणारा शेतकरीही उठला. १४ मार्च १९८१ रोजी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ हमरस्ता अडवून तंबाखूच्या रास्त भावासाठी आंदोलन सुरू झाले. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी गोळीबार केला व त्यात १२ शेतकरी मृत्युमुखी पडले. निपाणीचे नाव देशभर झाले ते या घटनेने. वखारीतील स्त्रियांचा लढा त्या मानाने झाकलेला राहिला. शेतकऱ्याला पिकाचा भाव हवा होता आणि मजूर स्त्रीला रोजाचा. दोघांचा व्यवहार त्याच पेठेशी होता, पण एकाच्या मागणीत दुसऱ्याची मागणी आपोआप येत नाही. म्हणूनच स्त्रियांची स्वतंत्र संघटना आवश्यक होती.

या लढ्याचा एक मोलाचा दस्तऐवज उपलब्ध आहे. दीपा धनराज, आभा भैया, नवरोज कॉन्ट्रॅक्टर व मीरा राव यांच्या ‘युगांतर’ या चित्रपट गटाने चार महिने या स्त्रियांच्या सहवासात घालवून १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट तयार केला. चित्रपटाची दिशा ठरविण्यात कामगार स्त्रियांचा वाटा मोठा होता आणि आपल्यावर गुदरलेले प्रसंग त्यांनी स्वतःच पुन्हा साकारले. त्यांच्याविषयी कोणी बोलले असे येथे झाले नाही. त्या स्वतः बोलल्या. प्रतिनिधित्वाचा खरा अर्थ यातून उलगडतो.

ख्रिस्तमंडळाला हा विषय परका नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगारांच्या संघटना स्थापण्याच्या हक्काला नैसर्गिक हक्क मानले. निपाणीच्या गोळीबारानंतर पाच महिन्यांनी, १४ सप्टेंबर १९८१ रोजी, पोप दुसरे जॉन पॉल यांचे ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’ प्रसिद्ध झाले; त्यातही हाच हक्क ठामपणे मांडला आहे.

प्रश्न संपलेला मात्र नाही. संपन्न स्वीडनमध्ये २७ ऑक्टोबर २०२३ रोजी टेस्ला कंपनीच्या मेकॅनिकांनी संप पुकारला, तो कंपनीने संघटनेशी सामूहिक करार करावा यासाठी. भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने वाटाघाटी करणाऱ्या संघटनेला प्रथमच देशव्यापी कायदेशीर स्थान दिले. एकापेक्षा अधिक संघटना असल्यास ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. परंतु ज्या मजुराचे नावच हजेरीपटावर नाही, त्याची गणना या टक्केवारीत कशी होणार?

धर्मगुरू व धर्मशिक्षक यांना या इतिहासातून एक विवेक घेता येईल. गरिबांच्या वतीने बोलणे आपल्याला सवयीचे असते, आणि कधी ते आवश्यकही असते. पण आपण बोललो म्हणून ते बोलले, असे होत नाही. निपाणीत नेतृत्व प्राध्यापकाचे होते. बळ मात्र वखारीतून बाहेर पडून सभेत उभ्या राहिलेल्या स्त्रियांचे होते. आपल्या धर्मग्रामातील मजूर स्त्रीला सभेत उभे राहण्यास जागा करून देणे आणि ती बोलू लागली की आपण थांबणे, हीही सेवाच होय.