गोधडीचा काठ: आधी झिजणाऱ्या कडेचा इतिहास

मागच्या वेळी आपण मुंबईच्या कापड गिरण्यांबद्दल बोललो. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या गिरणीची कंपनी काढली, १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली, आणि तिथून पुढे गिरणगाव कसं उभं राहिलं ते आपण पाहिलं. त्या सगळ्या कथेत कापड विणलं गेलं, विकलं गेलं, नेसलं गेलं. नेसून नेसून विरल्यावर त्याचं काय झालं, हा प्रश्न मात्र राहून गेला. तो आज घेऊ.

ते कापड गोधडीत गेलं. कुठे तिला वाकळ म्हणतात, तान्ह्या बाळासाठी केली तर दुपटं म्हणतात. गोधडीबद्दल बोलायला लागलं की आपण लगेच आजीच्या मायेवर येतो. माया खरीच आहे, पण मायेपाशी थांबलं की काम दिसत नाही. म्हणून आज आपण संपूर्ण गोधडीकडे न बघता फक्त तिच्या कडेकडे बघू.

कडच का? घरातली एखादी जुनी गोधडी आठवून बघा. मधला भाग मऊ झालेला असतो, पण शाबूत असतो. कड मात्र फाटून आतले थर बाहेर डोकावत असतात. याचं कारण साधं आहे. रात्री आपण गोधडी ओढतो ती कडेला धरून. हनुवटी घासते ती कडेवर. धुताना, पिळताना, दोरीवर टाकताना हात कडेलाच लागतो. शिवाय सगळ्या थरांची कापलेली टोकं तिथेच येतात. कापलेल्या टोकाला बांधून ठेवणारं काही नसतं, एकेक धागा सुटत जातो. म्हणजे गोधडी मरते ती कडेकडून आत.

यावर जगभरच्या शिवणाऱ्या बायकांनी जे उपाय काढले, ते मुख्यतः तीन आहेत. पहिला, खालचं कापड थोडं मोठं ठेवायचं आणि ते वर दुमडून शिवायचं. दुसरा, वरच्या आणि खालच्या दोन्ही कापडांच्या कडा आत वळवून एकमेकींना जोडायच्या. तिसरा, वेगळी पट्टी लावायची, म्हणजे आपला गोट. पहिले दोन स्वस्त आहेत, पण त्यात झीज थेट गोधडीच्या मूळ कापडावर येते. गोट फाटला तर तो उसवून नवा लावता येतो. गोट हा झिजण्यासाठीच लावलेला असतो.

गोटाची पट्टी कशी कापायची यालाही अर्थ आहे. कापडाच्या उभ्या धाग्याला धरून सरळ पट्टी कापली, तर कडेच्या घडीवर त्याच त्या दोन-चार धाग्यांना सगळा मार बसतो. ते तुटले की घडी लांबच्या लांब चिरत जाते. पट्टी तिरकी, म्हणजे उरेब कापली, जिला आपले शिंपी क्रॉस पट्टी म्हणतात, तर घडीवर शेकडो वेगवेगळे धागे तिरपे येतात आणि झीज वाटली जाते. पण उरेब पट्टीला कापड जास्त लागतं, जोड जास्त येतात. गरिबाच्या घरात ही चैन नव्हती.

मग आपल्याकडे काय केलं? लुगड्याचा काठ वापरला. काठाची वीण दाट असते, आणि त्याची बाहेरची कड मागावरच बांधलेली असते, ती उसवत नाही. पट्टी सरळच, पण मुळात बळकट. आता एक हिशेब करू. सात फूट लांब आणि पाच फूट रुंद गोधडी घेतली, तर तिची चारही बाजूंची कड मिळून २४ फूट होते, म्हणजे साधारण ७.३ मीटर. नऊवारी लुगडं नऊ वार, म्हणजे साधारण ८.२ मीटर. चार कोपऱ्यांची दुमड धरूनही एका लुगड्याचा एक काठ एका गोधडीला पुरतो, वर थोडा उरतो. जमिनीला घासणारा काठ बहुधा आधी विरतो, दुसरा त्या मानाने चांगला राहतो. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असं आपण म्हणतो. इथे लुगडं पाहून अंथरूण बेतलेलं आहे. हे माप कुणी लिहून ठेवलं नाही. ते वापरातून हाताला ठाऊक झालेलं होतं.

आता टाक्याकडे येऊ. गोधडीच्या मधल्या भागाला धावदोरा असतो: सुई खाली-वर, खाली-वर, सरळ रेषेत. कडेला तसं चालत नाही, कारण वर दिसणारा दोरा घासून तुटतो. म्हणून काठ एका बाजूला जोडून, दुसऱ्या बाजूला वळवून तुरपाई करतात. सुई खालच्या कापडातून थोडंसं उचलते, मग घडीच्या आतून सरकते आणि पुढे निघते. दोरा बराचसा आतच राहतो. दर तीन मिलिमीटरला एक टाका धरला, तर आपल्या २४ फुटांच्या कडेला सुमारे २,४०० टाके होतात. तेही फक्त एका बाजूचे, आणि चांगले पडले तर न दिसणारे.

१८५१ मध्ये सिंगर यांना अमेरिकेत शिवणयंत्राचं पेटंट मिळालं आणि पुढच्या काही दशकांत हे यंत्र जगभर गेलं. यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये शिवणयंत्राला अपवाद केला होता. बायकोचे कंटाळवाणे कष्ट कमी व्हावेत म्हणून सिंगरने ते बनवलं, अशी त्यांची समजूत होती. कष्ट कमी झाले हे खरं. पण गंमत बघा, ज्यांच्या घरी यंत्र आलं त्या बायकाही पुष्कळदा गोटाची पहिली बाजू यंत्रावर मारत आणि दुसरी हाताने तुरपत. आजही अमेरिकेतल्या अनेक जणी असंच करतात. यंत्राने मधली जागा घेतली, हात कडेला टिकून राहिला.

इथे एक वेगळं उदाहरण बघण्यासारखं आहे. आपल्या दक्षिणेला, गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ या भागात सिद्दी समाज राहतो. हे मूळचे आफ्रिकेतले लोक. त्यांच्यातल्या अनेकांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं, आणि तिथून निसटलेले जंगलात वस्ती करून राहिले. त्यांच्यातले बरेच जण कोकणी बोलतात. या समाजातल्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. आपण कड शेवटी करतो, त्या कडेपासून सुरुवात करतात. एका कोपऱ्यातून निघायचं, कडेकडेने तुकडे जोडत फिरायचं आणि फेऱ्या घालत मध्यावर पोचायचं. चार कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांची त्रिकोणी ‘फुलं’ असतात. ती नसतील तर कवंदी उघडी राहिली असं त्या मानतात. ज्यांच्या पूर्वजांचं सगळं हिरावून घेतलं गेलं, त्यांच्या हातात कड ही आधी राखायची गोष्ट झाली, असं म्हणायचा मोह होतो. तो मोह आपण आवरू. कारण सांगता येत नसलं तरी पद्धत समोर आहे, आणि ती त्यांची स्वतःची आहे.

आता इतिहासकाराची अडचण सांगतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात सतराव्या शतकातल्या बंगाली रजया आहेत. पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर टसर रेशमाचं बारीक भरतकाम, पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी केलेलं. त्या टिकल्या, कारण त्या मौल्यवान होत्या आणि जपून ठेवल्या गेल्या. रोज पांघरलेल्या गोधड्या त्याच काळात घराघरांत होत्या, पण त्या वापरून संपल्या. म्हणजे संग्रहालयात आपल्याला भेटतात त्या बहुतेक कमी वापरलेल्या वस्तू. ज्यांनी जास्त काम केलं, त्यांचा पुरावाच उरला नाही.

याचा धडा आम्हाला घरातच मिळाला. आमच्याकडे एक जुनी गोधडी होती. तिच्यावर एकाखाली एक असे तीन काठ होते. जुना न काढता त्याच्यावरच नवा चढवलेला, प्रत्येक वेळचा दोरा वेगळा, टाका वेगळा. आम्ही ती दुरुस्तीला दिली. परत आली तेव्हा कडेला यंत्रावर मारलेली चकचकीत सॅटिनची पट्टी होती. तिन्ही काठ काढून टाकून दिले होते. काम करणाऱ्याची चूक नव्हती, आम्ही काही सांगितलंच नव्हतं. पण तीन पिढ्यांच्या तीन हातांची जी एकमेव नोंद होती, ती आम्ही पैसे देऊन पुसून घेतली.

संग्रहालयातले जतनकार असं करत नाहीत. ते फाटलेला गोट तसाच ठेवतात आणि त्याच्यावर विरळ रेशमी किंवा जाळीचं कापड टाचतात. पण म्हणून घरातली गोधडीही काचेत ठेवायची का? तसं नाही. गोधडी पांघरायचीच असते, काठ बदलायचाच असतो. आमचं म्हणणं एवढंच आहे की बदलताना जुन्यावर नवा चढवा. नाहीतर निदान वीतभर तुकडा आतल्या बाजूला शिवून ठेवा, आणि तो कुणी लावला होता हे माहीत असेल तर नाव लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. सुती लुगडी कमी झाली, नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्यांचे काठ निसरडे, सुईखाली सरकतात. त्यामुळे आजच्या गोधडीला पट्टी विकत आणावी लागते. आता गोधड्या विकल्याही जातात. विकत घेताना आपण रंग बघतो, तुकड्यांची नक्षी बघतो आणि घासाघीस करतो. पुढच्या वेळी गोधडी उलटी करून कड बघा. ती हाताने तुरपलेली असेल, तर ते न दिसणारे २,४०० टाके आठवा आणि मग किंमत ठरवा.

प्रश्न असतील तर आपण आता घेऊ.