गणिताच्या पुस्तकातलं हसू

आपल्या हिंगोली भागात हसरं चित्र दोन वाटांनी आलं. एक वाट वाचनालयातून, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरून. दुसरी जिल्हा परिषदेच्या शाळेतून, गणिताच्या पुस्तकातून. दोन्ही वाटांवर आपल्याला शि. द. फडणीस भेटतात. पहिल्या वाटेवर त्यांचं नाव सगळे घेत. दुसऱ्या वाटेवर ते कुणी विचारलंच नाही. आज बोलायचं आहे ते या दुसऱ्या वाटेबद्दल.

शिवराम दत्तात्रेय फडणीस यांचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या भोज या गावी झाला. कोल्हापुरात शाळा, मग मुंबईच्या जे. जे. मध्ये उपयोजित कलेचं शिक्षण. अनंत अंतरकरांच्या ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ मासिकांनी त्यांना घरोघरी नेलं. १९५२ सालचं ‘मोहिनी’चं मुखपृष्ठ आजही जुन्या वाचकांच्या डोळ्यांसमोर आहे. एक तरुण आणि एक तरुणी. एकाच्या कपड्यांवर मांजरं छापलेली, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. बस्स, एवढंच! खाली एक शब्द नाही. मासिकावर सुंदर चेहरा हवाच, असं मानण्याचा तो काळ. त्या काळात मुखपृष्ठावर नुसतं हसू छापण्याचं धाडस संपादकानं केलं आणि ते वाचकांना रुचलं.

हा शब्द नसण्याचा गुण आपल्यासाठी फार मोलाचा. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. आमच्या वडीलधाऱ्यांची शाळा उर्दूत झाली, कचेरीचे कागद उर्दूत. पुण्या-मुंबईचा शाब्दिक विनोद, तिथली कोटी, तिथला टोमणा त्यांच्यापर्यंत अर्धामुर्धाच पोहोचायचा. फडणीसांच्या चित्राला मात्र दुभाषा लागत नव्हता. मांजर आणि उंदीर कोणत्या भाषेत समजावून सांगायचे?

१९६५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जहांगीर कलादालनात ‘हसरी गॅलरी’ हे प्रदर्शन मांडलं. व्यंगचित्र ही मासिकातली रिकामी जागा भरायची वस्तू नव्हे, ती भिंतीवर लावून पाहायची कला आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. पण माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं प्रदर्शन भरलं ते शाळेत. १९६७ मध्ये राज्याचं पाठ्यपुस्तक मंडळ, आपली ‘बालभारती’, स्थापन झालं. पुढे मंडळाच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांसाठी फडणीसांनी चित्रं काढली. गणित म्हणजे छडी, हे समीकरण तेव्हा पक्कं होतं. त्या पानांवर हसरी माणसं नि प्राणी येऊन बसले.

मी नोकरीची बरीच वर्षं या जिल्ह्यातल्या खेड्यांत काढली. तांड्यावरची मुलं पहिलीत यायची, ती घरची गोरमाटी बोली घेऊन. ‘वजाबाकी’ हा शब्द त्यांना परका, आणि खरं सांगायचं तर गुरुजीही परकाच. अशा पोराला पाढ्यापेक्षा चित्र आधी कळतं. ते हसतं, आणि हसलेलं पोर दुसऱ्या दिवशी शाळेत येतं. ज्या गावात पोरं ऊसतोडीच्या हंगामात आई-बापाबरोबर निघून जातात, तिथं पोर उद्या शाळेत येणं ही लहान गोष्ट नाही.

आता जरा दूर, ब्रिटनकडे पाहू. तिथं ‘बीनो’ हे मुलांचं विनोदी चित्रसाप्ताहिक १९३८ पासून निघतं. १९५२ मध्ये, म्हणजे आपल्याकडे ‘मोहिनी’चं ते मुखपृष्ठ झळकलं त्याच साली, लिओ बॅक्सेंडेल हा तरुण त्याच्या प्रकाशकांसाठी काम करू लागला. त्याची वात्रट मिनी आणि बॅश स्ट्रीटची द्वाड पोरं मुलांनी डोक्यावर घेतली. पण त्या काळी तिथं चित्रकाराचं नाव छापत नसत. पात्रं लाडकी, त्यांचा बाप अनोळखी! पुढे आपल्या पात्रांवरच्या हक्कासाठी त्याला प्रकाशकांशी कोर्टात वर्षानुवर्षं भांडावं लागलं. १९८७ मध्ये तडजोड झाली. २०१७ मध्ये तो वारला.

फडणीसांचं तसं नाही. त्यांना नाव मिळालं, मान मिळाला, ‘रेषाटन’ हे त्यांचं आत्मकथन वाचकांच्या हाती आलं. पण खेड्यातल्या ज्या लाखो मुलांना त्यांनी हसवलं, त्यांच्यातल्या किती जणांना ते ठाऊक आहेत? ‘मोहिनी’ विकत घेणाऱ्याला चित्रकार माहीत, आणि फुकट मिळालेलं पुस्तक दप्तरात नेणाऱ्याला माहीत नाही, ही वाटणी मला बरी वाटत नाही. कवितेखाली कवीचं नाव असतं, ते आपण मुलांकडून पाठ करून घेतो. चित्राच्या बाबतीत मात्र आपण गप्प राहतो.

पुस्तकं बदलतात, जुनी रद्दीत जातात. आज जी पुस्तकं वर्गात आहेत, त्यांनाही चित्रकार आहेत आणि त्यांची नावं सुरुवातीच्या पानांवर बारीक अक्षरांत असतात. शिक्षक मित्रांना माझी एवढीच विनंती आहे: जूनमध्ये नवं पुस्तक वाटाल, तेव्हा पहिल्या धड्याआधी ते पान उघडा आणि ते नाव मोठ्यानं वाचून दाखवा. चित्र काढणाराही आपल्यासारखाच माणूस असतो, हे मुलांना कळू द्या. कोण जाणे, वहीच्या मागच्या पानावर रेघोट्या ओढणाऱ्या सेनगावच्या, औंढ्याच्या एखाद्या पोराला तेवढंच पुरेसं होईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)